मतदारामागे चार रुपये

२०१९ च्या लोकसभा निवडणुकीत यवतमाळ-वाशिम मतदारसंघात एकोणीस लाखांच्या आसपास मतदार होते. समजा, त्या प्रत्येकाने आपल्या आवडीच्या एकाच उमेदवाराच्या हातावर चार रुपये ठेवले असते, तर जमले किती असते? शहात्तर लाख. आणि त्या वर्षी महाराष्ट्रात लोकसभेच्या उमेदवाराला कायद्याने करता येणारा जास्तीत जास्त खर्च होता सत्तर लाख. म्हणजे चहाच्या निम्म्या कपाएवढे पैसे प्रत्येकाने दिले असते, तरी त्यातले सहा लाख त्या उमेदवाराला प्रचारात वापरता आले नसते!

हा हिशेब मी दोनदा मांडून पाहिला, कारण तो खरा वाटत नाही. निवडणूक म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे गाड्यांचा ताफा येतो, जेवणावळी येतात, रात्रीच्या अंधारात फिरणारी पाकिटं येतात. सामान्य माणसाच्या चार रुपयांना तिथे काय किंमत, असं वाटतं. पण कायद्याच्या पुस्तकातली निवडणूक चार रुपयांत बसते. या पुस्तकातल्या निवडणुकीत समर्थकाने पैसे कसे द्यायचे, किती द्यायचे, कोणाच्या हातात द्यायचे, हे सगळं लिहिलेलं आहे. ते वाचायला घेतलं की एकामागून एक नवलाच्या गोष्टी निघतात. आणि त्या बघायला यवतमाळइतकी चांगली जागा नाही, कारण त्याच २०१९ साली इथे खरोखरच लोकवर्गणीवर लोकसभा लढवली गेली.

उमेदवार होत्या वैशाली येडे. कळंब तालुक्यातल्या राजूरच्या. २०११ साली त्यांच्या शेतकरी नवऱ्याने आत्महत्या केली. पदरी दोन मुलं. अंगणवाडीत काम आणि जोडीला शिवणकाम करून त्यांनी घर चालवलं. श्याम पेठकर यांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापे यांनी बसवलेल्या ‘तेरवं’ या नाटकात त्या उभ्या राहिल्या. या नाटकात शेतकऱ्यांच्या विधवांनीच भूमिका केल्या होत्या. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. उद्घाटनाचं लेखिका नयनतारा सहगल यांना दिलेलं निमंत्रण आयोजकांनी मागे घेतलं, देशभर गदारोळ झाला, आणि अखेर ११ जानेवारीला उद्घाटन केलं ते वैशालीताईंनी. बरोबर तीन महिन्यांनी, ११ एप्रिलला, त्याच यवतमाळात लोकसभेचं मतदान होतं आणि मतदानयंत्रावर त्यांचं नाव होतं. बच्चू कडू यांच्या प्रहार जनशक्ती पक्षाने त्यांना उमेदवारी दिली होती. समोर शिवसेनेच्या भावना गवळी आणि काँग्रेसचे माणिकराव ठाकरे. प्रचार चालला तो लोकांनी दिलेल्या पैशावर.

सत्तर लाख ही रक्कम राजूरच्या शेतातून कशी दिसते, तेही बघू. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता क्विंटलला ५,४५० रुपये. सत्तर लाखांना त्याने भागा: १,२८४ क्विंटल. कोरडवाहूत एकरी चार-पाच क्विंटल धरले तर हा अडीचशे-तीनशे एकरांचा कापूस झाला. अर्ज भरताना ठेवायची अनामत खुल्या प्रवर्गाला २५,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना १२,५००. पंचवीस हजार म्हणजे साडेचार क्विंटल, एका एकराचं अख्खं पीक. मतमोजणीत एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं नाही पडली, तर हे पीक सरकारजमा.

या अनामतीचीच एक गंमत. ती रोख किंवा कोषागारातल्या चलनाने भरता येते, धनादेश चालत नाही. त्यामुळे लोकांनी दिलेली चिल्लर गाठोड्यात बांधून निवडणूक कार्यालयात ओतणारे उमेदवार दर निवडणुकीत कुठे ना कुठे निघतातच. वर्तमानपत्रात फोटो येतो, कर्मचारी घाम पुसत नाणी मोजताना दिसतात. पण २०११ चा नाणी कायदा सांगतो की रुपया आणि त्यावरची नाणी एका व्यवहारात एक हजार रुपयांपर्यंतच कायदेशीर चलन ठरतात. त्यापुढची चिल्लर समोरच्याने घेतली तर तो त्याचा चांगुलपणा.

आता पैसे द्यायची रीत. समजा तुम्ही आर्णीचे, दारव्ह्याचे किंवा घाटंजीचे आहात, एखाद्या उमेदवाराचं काम तुम्हाला पटलं आहे, आणि खिशातले पाचशे रुपये त्याला द्यायचे आहेत. कायद्याची काही हरकत नाही. अर्ज भरण्याच्या निदान एक दिवस आधी प्रत्येक उमेदवाराला निवडणुकीपुरतं वेगळं बँक खातं उघडावं लागतं. ते त्याच्या एकट्याच्या नावाने असतं किंवा त्याच्या निवडणूक प्रतिनिधीबरोबर संयुक्त. बायको, भाऊ किंवा मुलगा प्रतिनिधी नसेल तर त्याचं नाव त्या खात्याला लागत नाही. प्रचारावर जायचा प्रत्येक रुपया, अगदी उमेदवाराच्या स्वतःच्या घरातला असला तरी, आधी या खात्यात यायचा आणि मग बाहेर पडायचा. तेव्हा पाचशे रुपये द्यायची सगळ्यात सरळ वाट म्हणजे याच खात्यावर भरणा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा क्यूआर कोड स्कॅन करण्याआधी तो याच खात्याचा आहे का, एवढं विचारून घ्या. गल्लीतल्या उत्साही कार्यकर्त्याच्या स्वतःच्या मोबाइलवर गेलेले पैसे कागदोपत्री उमेदवारापर्यंत पोचत नाहीत, मग प्रत्यक्षात पोचले तरी.

रोखीने देणार असाल तर एका माणसाकडून संपूर्ण निवडणुकीत दहा हजार रुपये ही वरची मर्यादा. ती पूर्वी वीस हजार होती, निवडणूक आयोगाने २०१८ च्या नोव्हेंबरात निम्मी केली. उमेदवाराने एखाद्या मंडपवाल्याला किंवा छापखान्याला रोख द्यायची मर्यादाही तेवढीच. त्याहून मोठी रक्कम बँकेतूनच. आणि पैसे दिल्यावर पावती मागायला लाजू नका, कारण तुमचं नाव आणि पत्ता नोंदवल्याशिवाय उमेदवाराचा हिशेब पुरा होत नाही. आपल्या गावात हनुमान जयंतीच्या भंडाऱ्याला कोणी किती चंदा दिला, हे भोंग्यावरून नावानिशी पुकारतात, तसाच हा प्रकार. फरक एवढाच की इथे भोंगा निवडणूक आयोगाचा आहे.

अर्ज भरला की उमेदवाराच्या हातात एक नोंदवही पडते. तिच्या पानांचे तीन रंग. पांढऱ्या पानांवर रोजचा खर्च: कुठे सभा झाली, किती खुर्च्या होत्या, किती गाड्या. गुलाबी पानांवर रोख रक्कम: कोणाकडून आली, कोणाला गेली. पिवळ्या पानांवर बँकेतली उलाढाल. प्रचाराच्या काळात निदान तीनदा ही वही खर्च निरीक्षकापुढे ठेवावी लागते, आणि हे निरीक्षक बहुतेक करून प्राप्तिकर किंवा सीमाशुल्क अशा खात्यांतून, दुसऱ्या राज्यातून आलेले असतात. खरं नवल पुढे आहे. उमेदवार जशी वही लिहितो, तशीच त्याच्या नावाची दुसरी वही निवडणूक यंत्रणाही गुपचूप लिहीत असते. व्हिडिओ पथक सभेत येतं, खुर्च्या मोजतं, बॅनरची लांबी-रुंदी टिपतं, आणि ते सगळं त्या दुसऱ्या वहीत चढतं. तपासणीच्या दिवशी दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या जातात. उमेदवार म्हणाला दोनशे खुर्च्या आणि चित्रीकरणात दिसल्या पाचशे, तर नोटीस निघते.

खुर्चीचा भाव तरी काय लावायचा? तोही ठरलेला. निवडणुकीआधी जिल्हाधिकारी कार्यालय राजकीय पक्षांना बोलावून दरपत्रक पक्कं करतं. चहा, नाश्ता, जेवण, मंडप, गाद्या, ध्वनिक्षेपक, फेटे, हार, जीपचं दिवसाचं भाडं, सगळ्याचे दर त्यात असतात. म्हणून कोणी म्हणालं की जीप मित्राने फुकट दिली, तरी हिशेबात ती फुकट राहत नाही, बाजारभावाने चढते. तुमच्या मालकीचा मंडप सभेला दिलात, तर ती तुमची वस्तुरूप देणगी आणि तिची किंमत उमेदवाराच्या खर्चमर्यादेतून वजा. उलट तुम्ही दिवसभर उन्हातान्हात घरोघरी फिरलात, तर त्या श्रमाला दर नाही. कार्यकर्त्याचा घाम हिशेबात येत नाही, त्याने खाल्लेले पोहे येतात. एप्रिलमध्ये विदर्भात बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत फिरणाऱ्या पोरांचा विचार केला, तर गरीब उमेदवाराला कायद्याने दिलेली ही सर्वांत मोठी सवलत म्हणायला हवी.

आता मला या सगळ्यात जे कलम सर्वांत विलक्षण वाटतं, त्याकडे येतो.

समर्थक उत्साही असतो. उमेदवाराला विचारत बसण्याऐवजी तो स्वतःच खर्च करून मोकळा होतो. दोन हजार पत्रकं छापतो, चौकात फलक लावतो, स्थानिक दैनिकात जाहिरात देतो. त्याला वाटतं, माझे पैसे, माझा नेता, कोणाला काय त्याचं! कायद्याला मात्र त्याचं पडलेलं आहे. उमेदवाराच्या लेखी परवानगीवाचून त्याच्या प्रचारासाठी सभा, जाहिरात, पत्रक किंवा अन्य कशावरही खर्च करणं हा गुन्हा आहे, आणि तो गुन्हा उमेदवाराचा नाही, त्या समर्थकाचा. पूर्वी भारतीय दंड संहितेच्या १७१-एच कलमात तो होता, दंड पाचशे रुपयांपर्यंत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या १७६ व्या कलमात आहे, आणि दंड दहा हजारांपर्यंत वाढला आहे.

आणि या कलमाला एक शेपूट आहे. परवानगी न घेता कोणी खर्च केलाच, पण तो दहा रुपयांच्या वर नसेल आणि दहा दिवसांत उमेदवाराची लेखी संमती आणली, तर तो खर्च परवानगीनेच झाला असं समजायचं. दहा रुपये! हे कलम १९२० सालच्या कायद्याने दंड संहितेत आलं. त्या काळी तोळाभर सोनं वीस-पंचवीस रुपयांच्या घरात होतं. म्हणजे तेव्हाच्या समर्थकाला अर्ध्या तोळ्याच्या आसपास मोकळीक होती, त्यात त्याची एखादी छोटी सभा सहज निघाली असती. शंभराहून अधिक वर्षांनी नवी संहिता लिहायला बसलेल्यांनी दंड वीसपट केला, कलमाचा क्रमांक बदलला, इंग्रजांचा कायदा गेला म्हणून भाषणं झाली, आणि ही दहा रुपयांची मुभा मात्र जशीच्या तशी ठेवली. आज दहा रुपयांत यवतमाळच्या बसस्थानकावर एक चहा येतो. विलायतेतल्या नियमाशी ताडून पाहा: ब्रिटनमध्ये उमेदवाराला मिळालेली पन्नास पौंडांपर्यंतची रक्कम कायदा देणगी म्हणून धरतच नाही. आपल्या १९२० च्या कायद्यामागची उमेदवाराच्या खर्चाला वेसण घालण्याची कल्पना ब्रिटनच्या १८८३ च्या कायद्यातून आलेली. त्यांनी आपले आकडे वेळोवेळी बदलले, आपण विसरलो.

स्वतःच्या घरावर झेंडा लावायचा तर? आयोगाच्या सूचना इथेही बारीक आहेत. तुम्ही राजीखुशीने, कोणाच्या दबावाशिवाय आपल्या घरावर पक्षाचा झेंडा लावलात, आणि तुमच्या नगरपालिकेचा नियम आड येत नसला, तर बिनधास्त लावा. पण त्यावर अमुक उमेदवाराला मत द्या असं लिहिलंत की मघाचं कलम लागू झालं, उमेदवाराची लेखी परवानगी आणा. पत्रक छापलंत तर छापणाऱ्याचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता त्यावर हवाच. नसेल तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. समाजमाध्यमांवर पैसे मोजून केलेली जाहिरातही २०१३ पासून उमेदवाराच्या हिशेबात धरतात.

मग एवढ्या काटेकोर कायद्याखाली निवडणुका इतक्या महाग कशा? कारण ही वेसण उमेदवाराला आहे, पक्षाला नाही. राजकीय पक्षाने किती खर्च करावा याला भारतात मर्यादाच नाही. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला या खटल्यात, दिल्लीच्या सदर मतदारसंघाची निवडणूक तपासताना, म्हटलं की पक्षाने उमेदवारासाठी त्याच्या संमतीने केलेला खर्च उमेदवाराचाच धरायचा. निकाल सरळ होता, पण काही आठवड्यांतच कायदा बदलून पक्षाचा आणि मित्रमंडळींचा खर्च मोजणीतून वगळला गेला. पुढे जवळजवळ तीस वर्षं ही खिंड उघडीच होती. २००३ च्या दुरुस्तीने ती बरीचशी बुजवली. आता स्टार प्रचारकांचा प्रवास आणि पक्षाचा सर्वसाधारण प्रचार एवढंच बाहेर राहतं. उमेदवाराचं नाव घेऊन किंवा फोटो लावून सभा झाली की खर्च त्याच्या वहीत.

पक्षाला देणगी द्यायची असेल तर नियम वेगळे, आणि माझ्या मते बरेच सैल. वीस हजारांपुढच्या देणगीदारांचीच नावं पक्षाने निवडणूक आयोगाला कळवायची. त्याखालचे नावाशिवाय खपतात. रोखीची मर्यादा २०१७ पासून दोन हजार. त्यापुढे रोख घेतली तर पक्षाची प्राप्तिकरातली सूट धोक्यात. जाहीर सभेत झोळी फिरवून आलेल्या किरकोळ रकमांना देणाऱ्याचं नाव लिहायची गरज नाही, अशी सूट आयोगाने पक्षांना दिली आहे. मात्र ती रक्कम हिशेबात दाखवून बँकेत भरली पाहिजे. नोंदणीकृत पक्षाला बँकेमार्फत दिलेली देणगी जुन्या करपद्धतीत तुमच्या उत्पन्नातून पूर्ण वजा होते. नव्या करपद्धतीत ही वजावट नाही. आणि हे फार थोड्यांना ठाऊक असतं: तीच रक्कम थेट उमेदवाराला दिली तर कोणत्याच पद्धतीत करसवलत नाही. पक्षाला दिलेल्या पैशाला बक्षीस आणि माणसाला दिलेल्या पैशाला काही नाही, हे मला उलटं वाटतं, कारण उमेदवाराचाच पैसा उजेडात जास्त असतो. सवलतीच्या लोभाने भलत्याच पक्षाला धनादेश देऊन टक्केवारी कापून रोख परत घेण्याचा धंदाही देशात चालतो, आणि प्राप्तिकर खातं आता त्याच्या मागावर आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये निवडणूक आयोगाने सहा वर्षांत एकही निवडणूक न लढवलेले ३३४ पक्ष यादीतून काढले. तेव्हा पक्षाचं नाव आयोगाच्या यादीत आहे ना, हे पाहूनच पैसे द्या.

कंपन्यांच्या देणग्या आणि निवडणूक रोखे यांवर रकानेच्या रकाने लिहून झाले आहेत, म्हणून थोडक्यात. रोख्यांची सगळ्यात छोटी किंमत हजार रुपये होती आणि सगळ्यात मोठी एक कोटी, आणि देणाऱ्याचं नाव जनतेपासून लपलेलं. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ही योजना घटनाबाह्य ठरवली. मतदाराला पैशाचा उगम कळण्याचा हक्क आहे, हे त्या निकालाचं मर्म. गुलाबी पानावर पाचशे रुपये देणाऱ्या शेतमजुराचं नाव-पत्ता आधीपासूनच लिहिलं जात होतं. कोटीवाल्यांचं नाव कळायला मात्र सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं.

कोणाला देता येत नाही, तेही सांगायला हवं. शासकीय कर्मचाऱ्याला त्याचे वर्तणूक नियम राजकीय चळवळीला वर्गणी द्यायला मनाई करतात. जिल्हा परिषदेच्या शिक्षकालाही तसंच बंधन. आपल्याकडे खेड्यात महिन्याला ठरलेला पगार येणारं घर बहुतेकदा याच लोकांचं असतं, त्यामुळे वर्गणी मागणाऱ्यांचा पहिला मोर्चा त्यांच्याकडेच वळतो. त्यांना अडचणीत आणू नये. परदेशी पैसा उमेदवारालाही चालत नाही आणि पक्षालाही. अमेरिकेत स्थायिक झालेला पुसदचा इंजिनिअर अजून भारतीय पासपोर्ट बाळगून असेल तर आपल्या बँक खात्यातून देणगी देऊ शकतो. त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय कार्ड असूनही त्याचा पैसा परदेशीच ठरतो.

आणखी एक काळजी, जी राजकारणाशी संबंध नसलेल्यांनीही घ्यावी. आचारसंहितेच्या काळात नाक्यांवर तपासणी पथकं असतात. उमेदवाराच्या, त्याच्या प्रतिनिधीच्या किंवा कार्यकर्त्याच्या गाडीत पन्नास हजारांहून जास्त रोकड सापडली तर ती जप्त होऊ शकते. २०२४ ची विधानसभा निवडणूक २० नोव्हेंबरला झाली, म्हणजे ऐन कापूस-सोयाबीनच्या विक्रीत. अशा दिवसांत बाजार समितीची पावती खिशात असलेली बरी. रोकड अडवली गेलीच, तर ती सोडवायला जिल्हा पातळीवर तक्रार निवारण समिती असते.

लोकवर्गणीतून काम उभं करायची ही रीत महाराष्ट्राला नवी नाही. अंताजी दामोदर काळे यांनी घरटी एकेक पैसा मागत पैसा फंड उभारला आणि त्यातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. १९१६ साली टिळकांना साठी पूर्ण झाल्यावर पुण्यात लाख रुपयांची थैली मिळाली, ती त्यांनी राष्ट्रकार्यालाच दिली. त्याच टिळकांना गुरू मानणारे बापूजी अणे आपल्या वणीचे. निवडणुकीत हा प्रयोग सर्वांत ठळकपणे केला तो कोल्हापूरकडच्या राजू शेट्टी यांनी. मतासोबत नोटही मागायची, ‘एक नोट, एक व्होट’, अशा मोहिमेवर ते २००९ साली हातकणंगल्यातून लोकसभेत पोचले. ज्याने दहा रुपये दिले तो मतदानाच्या दिवशी घरी बसत नाही, एवढं साधं गणित त्यामागे होतं. ऊसपट्ट्यात ते जमलं. तिथे शेतकऱ्यांची संघटना वर्षानुवर्षं बांधलेली होती, आणि शेतकऱ्याच्या हातात उसाचं बिल येत होतं.

यवतमाळच्या कोरडवाहू पट्ट्यात ते तसं जमलं नाही. २३ मे २०१९ ला निकाल लागला. भावना गवळी एक लाख सतरा हजारांहून अधिक मतांनी जिंकल्या. वैशाली येडे यांना वीस हजारांच्या आसपास मतं मिळाली. साडेअकरा लाखांहून अधिक मतदान झालेल्या त्या मतदारसंघात अनामत वाचवायला जवळजवळ दोन लाख मतं लागली असती. तरीही मला ती निवडणूक फसलेली वाटत नाही. घराण्याचा, साखर कारखान्याचा, शिक्षणसंस्थेचा आधार नसलेली एक बाई लोकांच्या पैशावर देशातल्या सर्वांत मोठ्या निवडणुकीत उतरली आणि वीस हजार माणसांनी तिच्या नावापुढचं बटण दाबलं. कायदा धाब्यावर न बसवता हे करता येतं, याचा तो पुरावा.

हरल्यावरही सुटका नसते. निकालापासून तीस दिवसांत प्रत्येक उमेदवाराने, जिंकलेल्याने आणि अनामत गेलेल्यानेही, आपला हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे, म्हणजे जिल्हाधिकाऱ्याकडे, द्यायचा असतो. दिला नाही किंवा खोटा दिला तर तीन वर्षं निवडणूक लढवायला बंदी. ही धमकी कागदी नाही. उत्तर प्रदेशातल्या बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांनी बातमीच्या वेशात छापून आणलेल्या जाहिरातीचे सुमारे एकवीस हजार रुपये हिशेबात दाखवले नव्हते. २०११ साली आयोगाने त्यांना तीन वर्षांसाठी अपात्र ठरवलं.

२०२२ पासून खर्चाची मर्यादा लोकसभेला पंच्याण्णव लाख आणि विधानसभेला चाळीस लाख झाली आहे. मतदारामागे हिशेब काढला तर यवतमाळ-वाशिममध्ये अजूनही तो पाच रुपयांच्या आतच येतो. तुमच्या आमदाराने, खासदाराने आणि त्यांच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या प्रत्येकाने आपली निवडणूक किती पैशांत लढवली असं लिहून दिलं आहे, आणि ते पैसे कोणी दिले, हे बघायला तुम्हाला माहितीचा अधिकार वापरावा लागत नाही की वकील लागत नाही. १९६१ च्या निवडणूक नियमांतला ८८ वा नियम कोणालाही तो हिशेब पाहू देतो. यवतमाळच्या जिल्हाधिकारी कार्यालयात निवडणूक शाखा आहे. पुढच्या निकालानंतर महिनाभर थांबा, तिथे जा आणि हिशेब मागा. बघण्याचं शुल्क एक रुपया आहे.